युद्धकाळातील मजूरमंत्री



वैशाखातल्या दिवसाचा उकाडा अजून ओसरलेला नाही. पेठेतली दुकाने वाढवून आपल्यापैकी कित्येकजण घरी न जाता थेट इथे आले आहेत. अशा वेळी मजुरांचे कायदे आणि कोळशाच्या खाणी हा विषय आपल्यापुढे मांडायचा म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची परीक्षाच पाहणे होय. याची आम्हांला जाणीव आहे. तरीही हा विषय आम्ही निवडला तो एका प्रश्नामुळे.

काही दिवसांपूर्वी इथेच, गांधीबागेच्या कोपऱ्यावर, एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हांला थांबवले. त्यांचे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेले होते. ते म्हणाले, “तुम्ही बाबासाहेबांवर एवढे बोलता. मग एक सांगा. आमचे वडील गजाआड होते, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात बसले होते. हे कसे?” प्रश्नात द्वेष नव्हता. एका मुलाच्या मनात आयुष्यभर राहून गेलेली ती खंत होती. रस्त्यात उभ्याउभ्या आम्ही काहीतरी उत्तर दिले, पण ते त्यांना पटले नाही आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही पटले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे ते राहिलेले उत्तर आहे.

डॉ. भीमराव आंबेडकरांचे चरित्र नागपूरकरांना सांगण्याची आवश्यकता नाही. महू येथला १४ एप्रिल १८९१ चा जन्म, कोलंबिया आणि लंडन येथले शिक्षण, १९२७ चे महाड, १९३० चे नाशिक, १९३२ चा पुणे करार, पुढे राज्यघटना आणि शेवटी याच शहरातला १४ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षेचा दिवस, हे टप्पे इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहेत. पण पुणे करारावरून आपण राज्यघटनेवर येतो तेव्हा पोथीची दोन पाने एकदम उलटली जावीत तसे मधले काहीतरी निसटते. जुलै १९४२ ते जुलै १९४६ ही ती चार वर्षे. या काळात डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर खात्याचे सभासद, म्हणजे व्यवहारात देशाचे मजूरमंत्री होते. त्यांचे भक्त या काळाविषयी फारसे बोलत नाहीत, कारण इंग्रज सरकारातली खुर्ची सांगणे अवघड जाते. त्यांचे टीकाकार मात्र एवढे एकच वाक्य बोलतात आणि पुढचे वाचत नाहीत.

या चार वर्षांचा आरंभ आपल्या गावात झाला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. त्यांच्या नेमणुकीची घोषणा जुलै १९४२ च्या पहिल्या आठवड्यात झाली, आणि १८ ते २० जुलै या तीन दिवशी अखिल भारतीय दलित वर्ग परिषद नागपुरास मोहन पार्कमध्ये भरली. अध्यक्ष होते मद्रासचे एन. शिवराज. नागपूरला हे नवे नव्हते. १९२० च्या मे महिन्यात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद इथे भरली होती, तीस साली स्वतः आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली दुसरी भरली. कामठीचे बाबू हरदास यांनी विडी कामगारांत काम करून जमीन तयार केली होती. दुर्दैवाने १९३९ मध्येच, अवघ्या पस्तिशीत, ते गेले. पण बेचाळीसची गर्दी वेगळी होती. चरित्रकार तो आकडा सत्तर हजारांच्या वर सांगतात. क्रिप्स योजनेने अस्पृश्यांच्या पदरी काहीच टाकले नाही, अशी तक्रार त्या मंडपात झाली. अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती असाव्यात असा ठराव झाला, आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या नव्या पक्षाचा पाया घातला गेला. शिका, चळवळ करा, संघटित व्हा, हा उपदेश त्यांनी इथल्याच भाषणाच्या शेवटी केला.

तिसऱ्या दिवशी स्त्रियांची स्वतंत्र परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बाया आल्या होत्या. कोणी गिरणीत जाणाऱ्या, कोणी विड्या वळणाऱ्या, कोणी शेतावर राबणाऱ्या. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, पुरुषाने एकीच्या उरावर दुसरी आणू नये म्हणून कायदा मागितला, आणि कामगार स्त्रियांना भरपगारी रजा मागितली. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की लग्नाची घाई करू नका, मुलांना शिकवा, आणि नवऱ्याशी बरोबरीच्या नात्याने वागा, त्याच्या दासी होऊ नका. श्रोतेहो, रजा मागणाऱ्या या बायांचा ठराव आपण लक्षात ठेवावा. पुढे आम्हांला त्याच्याकडे परत यायचे आहे.

यानंतर तीन आठवड्यांत काय झाले पाहा. ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत सरकार, मालक आणि मजूर या तिघांच्या प्रतिनिधींची परिषद नव्या मजूरमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली भरली. दुसऱ्याच दिवशी मुंबईत ‘चले जाव’चा ठराव झाला आणि पहाट होण्याच्या आत गांधीजींसह सारे पुढारी पकडले गेले. नागपुरात गोळीबार झाले. १६ ऑगस्टला चिमूर आणि आष्टी पेटली. जानेवारी १९४३ मध्ये कोवळ्या वयाचा शंकर महाले नागपूरच्या तुरुंगात फासावर गेला. ज्या सरकारने हे केले त्याच सरकारात डॉ. आंबेडकर होते. ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही, आणि ज्या घरांतून माणसे गेली त्या घरांना ती विसरा असे सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही.

त्या मंडळात ते एकटे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे १९४१ पासूनच तिथे होते. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या एकवीस दिवसांच्या उपोषणाच्या प्रश्नावर होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी आपले डॉ. ना. भा. खरे मंडळात गेले. म्हणजे त्या काळात व्हाइसरॉयच्या मेजाशी वऱ्हाड-नागपूरकडची माणसे आत-बाहेर करीतच होती. अणे बाहेर पडले त्या दिवशी डॉ. आंबेडकरांना बाहेर पडता आले असते. टाळ्याही पडल्या असत्या. ते पडले नाहीत.

का पडले नाहीत? सत्तेचा मोह हे एक सोपे उत्तर आहे, पण ज्याने १९३५ साली सवर्ण हिंदूंचा रोष ओढवून घेत धर्मांतराची घोषणा केली त्याला ते शोभत नाही. त्यांचे स्वतःचे उत्तर १९४२ च्या अखेरीस ऑल इंडिया रेडिओवरून त्यांनी दिले. त्याचा मथितार्थ असा: हे युद्ध दोन साम्राज्यांचे भांडण आहे असे समजून मजुराने तटस्थ राहू नये. माणसामाणसांत वंशाने उच्चनीच ठरवणारी नाझींची राजवट जगावर आली तर सगळ्यांत खालच्या माणसाची शंभर वर्षांची कमाई पुसली जाईल. आणि परक्याचे राज्य जाणे एवढ्यानेच मजूर स्वतंत्र होत नाही, पुढे राज्य कोणाच्या हातात येते हेही त्याने पाहिले पाहिजे. जन्मावरून ठरणाऱ्या उच्चनीचतेचा अनुभव ज्याने लहानपणी बैलगाडीच्या प्रवासात आणि शाळेच्या पाण्याच्या भांड्याशी घेतला होता, त्याला हिटलरचा धोका आपल्यापेक्षा जवळून दिसला, यात नवल नाही.

दुसरे कारण घरचे होते. वडील सुभेदार रामजी पलटणीत नोकरी केलेले. महारांची भरती सरकारने बंद केली, पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभारली आणि गरज सरताच मोडली. ही जखम त्या समाजात ओलीच होती. १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावास महार पलटण पुन्हा उभी राहिली त्यामागे त्यांचा पाठपुरावा होता.

आणि तिसरे कारण म्हणजे खाते कोणते मिळाले ते. पुष्कळांना हे माहीत नसते की १९३६ साली त्यांनी काढलेल्या पक्षाचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष असे होते. १९३८ मध्ये मुंबईच्या काँग्रेस सरकारने संपाचा हक्क आवळणारे विधेयक आणले, तेव्हा कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी एक दिवसाचा संप घडवून आणला होता. इंग्लंडात अर्नेस्ट बेव्हिन हा गोदी कामगारांचा पुढारी. चर्चिलने १९४० साली त्याला बोलावून मजूर खाते हाती दिले, आणि युद्ध जिंकायचे तर मजुराला माणसासारखे वागवावे लागेल हे त्याने मालकांकडून वदवून घेतले. बेव्हिनला कोणी फितूर म्हटले नाही, कारण तो आपल्याच देशाच्या सरकारात होता. डॉ. आंबेडकरांपुढे तेच काम होते, पण सरकार परक्याचे होते. सारी गुंतागुंत इथेच आहे.

खुर्चीवर बसून त्यांनी काय केले, याची यादी वाचून आम्ही आपल्याला दमवणार नाही. काही गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. तिघांनी एकत्र बसण्याची जी प्रथा ऑगस्ट १९४२ मध्ये सुरू झाली ती पुढे मजूर परिषदेच्या रूपाने टिकून राहिली. तोपर्यंत मालक आणि मजूर यांची भेट होई ती संपाच्या दाराशी किंवा पोलिसांच्या साक्षीने. १९४४ साली द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली देशभरच्या मजुरांची स्थिती तपासण्यासाठी समिती नेमली गेली. मजुरांच्या आजारपणाच्या विम्याची योजना बा. पु. अदारकर यांच्याकडून तयार करून घेतली गेली, आणि १९४८ च्या राज्य विमा कायद्याचे मूळ तिच्यात आहे. आज आपल्यापैकी ज्यांच्या पगारातून त्या विम्याचे पैसे कापले जातात त्यांना दर महिन्याला अदारकरांची आठवण व्हावी, अशी आमची अपेक्षा नाही! पण एकदा तरी व्हावी. १९४३ मध्ये मजूर संघांना मालकांनी मान्यता दिलीच पाहिजे असे विधेयक त्यांनी आणले. ते रेंगाळले आणि त्यांच्या हातून पार पडले नाही. १९४५ साली कारखान्यातल्या मजुराला वर्षाकाठी दहा दिवसांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली. केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी शेकडा आठ आणि एक तृतीयांश जागा राखल्या गेल्या त्या १९४३ मध्ये, आणि त्या जातींतल्या मुलांना परदेशी शिकण्यासाठी सरकारी पैसा त्यांनी याच काळात मिळवला.

मजूर खात्याकडे तेव्हा पाटबंधारे आणि वीज हेही विषय होते. १९४३ च्या जुलैत दामोदर नदीला पूर आला, रेल्वे आणि रस्ता दोन्ही तुटले आणि कलकत्ता देशापासून वेगळे पडले. बंगालात दुष्काळ चालू असतानाच हे घडले. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर सबंध नदीचा एकत्र विचार करायचा, पूर अडवायचा, शेतीला पाणी द्यायचे आणि वीजही काढायची, या योजनेवर ३ जानेवारी १९४५ ला कलकत्त्यात प्रांतांची परिषद झाली ती त्यांच्याच अध्यक्षतेखाली. महानदीविषयी तशीच परिषद त्याच वर्षी नोव्हेंबरात कटकला झाली. दामोदर निगम स्थापन झाला १९४८ मध्ये, आणि तोवर हा मनुष्य दुसऱ्याच कामात, घटनेच्या मसुद्यात, बुडालेला होता.

आता कोळशाकडे वळू, कारण सगळ्यांत मोठे यश आणि आमच्या मते सगळ्यांत मोठी चूक, दोन्ही तिथेच आहेत. आणि कोळसा म्हणजे काही झरियाच नव्हे. पेंच-कन्हानच्या खाणी आणि चांद्याकडच्या खाणी याच मध्यप्रांतात होत्या, आणि तिथून निघालेल्या कोळशावर आपल्या गिरण्या आणि आगगाड्या चालत.

डिसेंबर १९४३ मध्ये मजूरमंत्री धनबादकडे गेले, खाणीत उतरले आणि मजुरांच्या वस्त्या हिंडले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४४ च्या अखेरीस, वटहुकूम निघाला. खाणीतून निघणाऱ्या कोळशावर कर बसवायचा आणि तो पैसा खाण मजुरांची घरे, पाणी, दवाखाने आणि शिक्षण यांसाठीच वेगळा ठेवायचा. हा पैसा सरकारच्या मर्जीवर किंवा मालकाच्या दानधर्मावर अवलंबून राहिला नाही. कोळसा निघाला की फंडात भर पडे. युद्ध संपल्यावरही हा फंड चालू राहिला.

आणि त्याच खाणींत, त्याच वर्षी, दुसरी गोष्ट घडली. बायांना भूगर्भातल्या कामावर लावू नये म्हणून आपल्याकडे १९२९ पासून पावलापावलाने बंदी आणली होती, आणि १९३७ साली ती पुरी झाली. १९३५ च्या तशाच आंतरराष्ट्रीय कराराला हिंदुस्थानने १९३८ मध्ये मान्यताही दिली होती. युद्धात कोळसा कमी पडू लागला. मजूर लष्करी बांधकामावर जाऊ लागले, कारण तिथे रोज जास्त मिळे. खरा उपाय खाणीतली मजुरी वाढवणे हा होता. सरकारने १९४३ मध्ये मध्यप्रांत, बंगाल, बिहारच्या खाणींत ती बंदी उठवली. बाया पुन्हा अंधारात उतरल्या. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात यावर तहकुबीची सूचना आली आणि मजूरमंत्र्यांना उत्तर द्यावे लागले. ते म्हणाले, ही तात्पुरती निकड आहे. शिवाय पुरुषाला जी मजुरी तीच स्त्रीला, हे तत्त्व एखाद्या धंद्यात प्रथमच अमलात आले आहे.

श्रोतेहो, युक्तिवाद वकिलाचा आहे, आणि त्यात तथ्यही आहे. पण १९२८ च्या जुलैत मुंबईच्या कौन्सिलात कामगार स्त्रीला बाळंतपणात विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे ठासून सांगणारे हेच आंबेडकर होते. नागपुरात मोहन पार्कमध्ये रजा मागणाऱ्या बायांपुढे उभे राहून एक-दीड वर्षच झाले होते. सारख्या मजुरीने खाणीतली हवा बदलत नाही. त्यांनी खाणीतल्या बाळंतपणाच्या रजेचा कायदा १९४३ आणि १९४५ असा दोनदा सुधारला, आणि १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरीसुद्धा मधली अडीच वर्षे त्या बायांच्या अंगावरून गेली. राजीनाम्याचा प्रसंग जर कुठला असेल तर तो अण्यांच्या वेळचा नव्हता, हा होता, असे आम्हांला वाटते. आपल्याला तसे वाटलेच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. पुतळ्याला नमस्कार करताना एवढे आठवले तर पुतळ्याला बाधा येत नाही, इतकेच आम्ही म्हणू.

अशा सरकारात राहण्याची किंमत त्यांनी स्वतःही मोजली. १९४५-४६ च्या निवडणुका आल्या. ज्यांनी तुरुंग भोगला त्यांच्यामागे सारा देश उभा राहिला आणि फेडरेशनचा पुरता पाडाव झाला. ब्रिटिशांचे कॅबिनेट मिशन आले, आणि ज्या सरकारची चार वर्षे त्यांनी सेवा केली त्या सरकारने अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून त्यांच्या पक्षाला मोजलेच नाही. इंग्रजाने काम करून घेतले आणि हिशेब करताना पाठ फिरवली. पलटणीचा जुनाच अनुभव पुन्हा आला. जुलै १९४६ च्या आरंभी मंडळ बरखास्त होऊन अधिकाऱ्यांचे काळजीवाहू सरकार आले. डॉ. आंबेडकर दिल्लीच्या पृथ्वीराज रोडवरच्या बंगल्यात होते आणि त्यांच्या माणसांनी पुण्यात व नंतर आपल्या नागपुरात विधिमंडळापुढे सत्याग्रह आरंभला. काल मंत्र्यांचे अनुयायी असलेले लोक आज तुरुंगाच्या गाडीत बसले. घटना समितीवर त्यांना मुंबईतून जाता आले नाही. बंगालच्या जोगेंद्रनाथ मंडल यांनी वाट काढली तेव्हा ते तिथून गेले.

जाण्यापूर्वी मात्र एक विधेयक मार्गी लागले होते. कारखान्यातल्या कामाचे आठवड्याचे तास ५४ होते, ते ४८ वर आणणारी ती दुरुस्ती. फेब्रुवारी १९४६ मध्ये ती त्यांनी सभागृहापुढे मांडली, एप्रिलमध्ये मंजूर झाली, आणि १ ऑगस्ट १९४६ ला अमलात आली. तेव्हा ते मंत्री उरले नव्हते.

आता त्या गृहस्थांचे उत्तर. तुमचे वडील ज्या सरकारशी झुंजले ते झुंजण्यासारखेच होते. डॉ. आंबेडकरांनी त्याच सरकारच्या हातून, ते जाण्यापूर्वी, जेवढे काढून घेता येईल तेवढे खालच्या माणसासाठी काढून घेतले. ते काढताना एकदा तरी त्याच खालच्या माणसाच्या बायकोला त्यांनी खाणीत पाठवले. दोघांतल्या एकाची बाजू घ्या असे कोणी म्हणेल तर आम्हांला ती घेता येत नाही.

आमच्या लहानपणी वाड्यात एक म्हातारे राहत. इथून पायी जाण्यासारख्या अंतरावर एम्प्रेस मिल होती. १८७७ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती मिल २००२ मध्ये बंद पडली. हे गृहस्थ तिथे साच्यावर होते. नऊ तासांचे आठ झाले तो दिवस त्यांना पक्का आठवत असे, पण तो तास कोणी मिळवून दिला हे कित्येक वर्षे त्यांना ठाऊक नव्हते. ते सांगत, पहिल्या दिवशी भोंगा झाला तेव्हा कोणी जागचे हललेच नाही, चुकून वाजला असे वाटले. मुकादमाने हाकलले तेव्हा बाहेर आले. उन्हे असताना घरी पोचले, तर बायको दारात उभी राहून रडू लागली. गिरणीला टाळे लागले असेच तिला वाटले. तिची समजूत काढण्यात तो मिळालेला तास संपला.